जोडे शिवणारा भाषापंडित : डॉ. विल्यम कॅरी

परमुलुखांत पाऊल ठेवणाऱ्या मनुष्यास पहिली अडचण पडते ती भाकरीची नव्हे, भाषेची. भाकरी हातानें दाखवून मागतां येते. परंतु मनांतलें सुखदुःख हातानें दाखवितां येत नाहीं. मोठा शहाणा मनुष्यही परभाषेंत दोन वर्षांच्या मुलासारखा बोबडा होतो, आणि बाजारांतलें पोरही त्याला हसतें. ही लाज सोसण्याची ज्याची तयारी असते त्यालाच पुढें त्या भाषेचा गोडवा कळतो. ज्यांनीं ही लाज एकदां नव्हे, अनेक वेळां सोसली, आणि ज्यांच्या हातून आपल्या मराठी भाषेचीही मोठी सेवा झाली, त्या डॉ. विल्यम कॅरी यांचें चरित्र आज आम्ही प्रिय वाचकांपुढें ठेवीत आहों.

विल्यमचा जन्म इंग्लंड देशांतील नॉर्थॅम्प्टन परगण्यांत, पॉलर्सपरी नांवाच्या खेड्यांत, ता. १७ आगस्ट १७६१ रोजीं झाला. बाप एडमंड हा मागावर कापड विणणारा होता. पुढें तो गांवच्या शाळेचा पंतोजी झाला. घरीं गरिबी होती, पण पुस्तकाचा तिटकारा नव्हता. बारा वर्षांच्या सुमारास विल्यमच्या हातीं लॅटिन शब्दांचें एक लहानसें पुस्तक पडलें, आणि शिकवावयास कोणी नसतांही त्यानें तें बहुतेक सगळें तोंडपाठ केलें. उन्हांत काम केलें कीं त्याच्या अंगाच्या कातडीस पीडा होई, म्हणून शेतकामाचा नाद सोडून बापानें त्यास चौदाव्या वर्षीं जवळच्या गांवीं एका जोडे शिवणाऱ्याच्या हाताखालीं उमेदवार ठेविलें.

त्या धन्याच्या घरीं नव्या करारावरील टीकेचें एक पुस्तक होतें. तें चाळतांना मधूनमधून कांहीं चमत्कारिक अक्षरें विल्यमच्या दृष्टीस पडूं लागलीं. तीं ग्रीक भाषेचीं होतीं. दुसऱ्या एखाद्या मुलानें पान उलटून पुढें वाचलें असतें. विल्यमनें तीं अक्षरें जशीं दिसलीं तशीं कागदावर उतरून घेतलीं, आणि घरीं जाण्याचा दिवस आला तेव्हां तो कागद टॉमस जोन्स नांवाच्या एका विणकऱ्याकडे नेला. हा जोन्स चांगला शिकलेला, पण स्वतःच्या अविचारानें हीन दशेस येऊन माग चालवीत बसलेला होता. त्यानें त्या अक्षरांचा अर्थ सांगितला व मुलास ग्रीक भाषेचे पहिले धडे दिले. शिकणाऱ्यानें गुरूची विद्या पाहावी, त्याची मिळकत किंवा मान पाहूं नये, हें विल्यम त्या माग्याच्या ओसरीवर शिकला, आणि तें त्यास जन्मभर उपयोगीं पडलें.

पुढें आजूबाजूच्या उपदेशकांकडून पुस्तकें उसनीं आणून त्यानें लॅटिन व ग्रीक पुरी केली, आणि इब्री, डच व फ्रेंच या भाषांचाही अभ्यास केला. पुस्तक समोर उघडें असावें व हातांत टोचा चालू असावा, असा त्याचा क्रम असे. तो कांहीं विलक्षण बुद्धीचा होता असें समजूं नये. म्हातारपणीं आपल्या पुतण्याजवळ बोलतांना त्यानें आपल्या अंगचा एकच गुण कबूल केला : एकदां धरलेलें काम नेटानें शेवटापर्यंत रेटीत नेणें आपणांस साधतें, याहून अधिक कांहीं आपल्यांत नाहीं.

सन १७८१ मध्यें, एकोणीस वर्षांच्या वयांत, विल्यमचें लग्न डॉरथी प्लॅकेट नांवाच्या मुलीशीं झालें. तिला लिहितां येत नव्हतें. लग्नाच्या नोंदींत तिनें सहीच्या जागीं फुली केली. पुढें कॅरी बाप्तिस्त मंडळींत उपदेश करूं लागले. मोल्टन गांवीं शाळा चालवितांना त्यांनीं जगाचा एक मोठा नकाशा हातानें करून भिंतीस लाविला होता, व ज्या ज्या देशाची जी माहिती मिळे ती त्यावर ते लिहून ठेवीत. इतक्या लोकांस शुभवर्तमान त्यांच्या भाषेंत कोण सांगणार, हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसूं देईना. त्यांच्या खटपटीनें ता. २ आक्टोबर १७९२ रोजीं केटरिंग गांवीं बाप्तिस्त मिशनरी सोसायटी स्थापन झाली, आणि हिंदुस्थानांत जाण्यास कॅरी स्वतःच सिद्ध झाले.

डॉरथीबाई मात्र सिद्ध नव्हत्या. त्यांच्या पदरीं तान्हें मूल होतें. प्रथम त्यांनीं साफ नाहीं म्हटलें. शेवटीं बहीण बरोबर येते म्हणाली तेव्हां मोठ्या कष्टानें त्या गलबतावर चढल्या. ता. १३ जून १७९३ रोजीं निघालेलें तें डॅनिश जहाज पांच महिन्यांनीं, ता. ११ नोव्हेंबर रोजीं बंगाल्यांत पोंचलें.

त्या पांच महिन्यांत कॅरींनीं वेळ फुकट दवडिला नाहीं. सोबतीस डॉ. जॉन टॉमस होते. ते पूर्वीं बंगाल्यांत राहिलेले असून त्यांस बंगाली येत होती, व ते उत्पत्तीच्या पुस्तकाचें बंगालींत भाषांतर करीत होते. टॉमस कॅरींस बंगाली शिकवीत, आणि इब्री मूळ शब्दाचा अर्थ अडला म्हणजे कॅरी टॉमसांस मदत करीत. ज्याच्याजवळ जें होतें तें त्यानें दुसऱ्यास दिलें.

किनाऱ्यावर उतरल्यावर मात्र जहाजावरची विद्या थिटी पडली. इंग्रजाच्या कानाला आपला त आणि ट एकच वाटतो, क आणि ख यांतला फरक त्याच्या जिभेला करतां येत नाहीं, आणि आपलें वाक्य क्रियापदानें संपतें म्हणून अर्थ कळण्यास त्याला शेवटपर्यंत थांबावें लागतें. कॅरींनीं रामराम बसू नांवाचे मुनशी ठेविले व रोज त्यांच्यापुढें विद्यार्थी होऊन बसूं लागले. पैसा लवकरच संपला. सुंदरबनाच्या जंगलांत कांहीं महिने काढून सन १७९४ मध्यें ते मालदा भागांतील मदनावटी येथें एका निळीच्या कारखान्यावर कारभारी म्हणून गेले. त्याच वर्षीं त्यांचा पांच वर्षांचा मुलगा पीटर आजारानें वारला. डॉरथीबाईंचें मन आधींच खचलेलें होतें. या दुःखानंतर त्यांस वेड लागलें, व तें पुन्हां कधीं गेलें नाहीं.

निळीच्या कारखान्यावर कॅरींस एक गोष्ट कळून आली. मुनशींजवळ ते मोकळेपणानें बोलत, मुनशींस त्यांचें सारें समजे. परंतु तेंच बोलणें शेतावरच्या मजुरांपुढें केलें तर ते नुसते पाहत राहत. पंडितांची भाषा एक होती, आणि गरिबांची दुसरी. पश्चात्ताप, प्रीति, तारण अशा गोष्टींसाठीं खेड्यांतल्या लोकांच्या तोंडीं कोणता शब्द आहे, हें कोणत्याही पुस्तकांत सांपडत नव्हतें. तेव्हां कॅरींनीं दुसरे गुरु केले : नांगर धरणारा, जाळें टाकणारा, बाजारांत भांडणारी बाई. त्यांचें बोलणें ऐकावें, नवा शब्द मनांत धरावा, आणि घरीं येऊन मुनशींस विचारावा, असा क्रम चालला. संस्कृताचा अभ्यासही त्यांनीं येथेंच आरंभिला, कारण या देशांतील अनेक भाषांचे शब्द त्या एका झऱ्यापासून आलेले आहेत हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें. या कारखान्यावरच बंगाली नव्या कराराचा पहिला खर्डा तयार झाला.

सन १८०० च्या जानेवारींत कॅरी सेरामपूर येथें राहावयास गेले. बंगाली लोक या गांवास श्रीरामपूर म्हणतात. महाराष्ट्रांतील श्रीरामपूर तें निराळें. कलकत्त्याजवळचें हें गांव त्या वेळीं डेन्मार्कच्या राज्यांत होतें, म्हणून इंग्रज कंपनीचा मिशनऱ्यांस असलेला विरोध तेथें चालत नसे. जोशुआ मार्शमन हे शिक्षक व विल्यम वॉर्ड हे छापणारे, असे दोन सोबती त्यांस तेथें मिळाले. अक्षरें पाडण्याच्या कामास पंचानन कर्मकार नांवाचा कुशल लोहार मिळाला. सन १८०१ मध्यें बंगाली नवा करार छापून बाहेर पडला. त्याच वर्षीं कॅरींनीं पंडितांच्या साह्यानें संभाषणांचें एक पुस्तक छापलें. त्यांत मजूर, कोळी, सावकार, घरांतल्या बायका यांचीं बोलणीं, भांडणेंसुद्धां, जशींच्या तशीं घातलीं होतीं. पंडितांस जी भाषा लिहिण्याजोगी वाटत नसे ती कॅरींनीं छापखान्यांत नेऊन बसविली.

याच सुमारास कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत कंपनीच्या तरुण साहेबांस बंगाली शिकविण्यास कॅरींची नेमणूक झाली. ज्यानें कॉलेज कधीं पाहिलें नव्हतें तो आतां कॉलेजांत गुरु झाला. पुढें संस्कृत व मराठी हेही विषय त्यांच्याकडे आले. मोठा पगार मिळे, परंतु घरखर्चापुरता ठेवून बाकीचा सर्व ते मिशनच्या कामास देत.

मराठीचा संबंध येथें आला. सन १८०३ मध्यें इंग्रज व मराठे यांचें युद्ध झाल्यावर मराठी मुलुखांत जाणाऱ्या अंमलदारांस ही भाषा येणें जरूर झालें. कॅरी कधीं महाराष्ट्रांत आले नव्हते. त्यांस मराठी शिकण्यास नागपूरकडचे पंडित वैजनाथ यांचें साह्य मिळालें. गंगेच्या कांठीं बसून, या एका पंडिताच्या मुखावाटे, कॅरी आपली भाषा शिकले. सन १८०५ मध्यें त्यांचें मराठी व्याकरण सेरामपुरास छापलें. त्यापूर्वीं सन १७७८ मध्यें रोम शहरीं एक मराठी व्याकरण पोर्तुगीज भाषेंत छापलेलें होतें. परंतु इंग्रजी जाणणाऱ्यांकरितां झालेलें हें पहिलेंच, आणि त्यांतील मराठी शब्द देवनागरी ठशांनीं छापलेले होते. सन १८१० मध्यें कॅरींचा मराठी व इंग्रजी कोश निघाला. त्या काळीं आपले लोक व्यवहारांत मोडी लिहीत, म्हणून या कोशासाठीं मोडी अक्षरांचे ठसे वापरले. मत्तयकृत शुभवर्तमान मराठींत १८०५ मध्यें व नवा करार १८११ मध्यें छापला गेला. वैजनाथ पंडितांनीं सिंहासनबत्तिशी व हितोपदेश मराठींत आणिले, तेही याच छापखान्यांत छापले. मराठी गद्य छापून निघूं लागलें त्या आरंभींच्या पुस्तकांत यांची गणना होते.

इतक्या भाषा एका मनुष्यानें कशा संभाळल्या? सन १८०६ च्या जून महिन्यांत आपल्या एका दिवसाचा हिशेब कॅरींनीं मित्रास लिहून कळविला होता, त्यावरून तें समजतें. पहांटे पावणेसहास उठून त्यांनीं इब्री पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचला व प्रार्थना केली. सात वाजतां घरच्या चाकरांसह बंगालींत उपासना झाली. चहा येईपर्यंत मुनशीजवळ थोडें फारसी वाचलें, आणि न्याहारीपूर्वीं थोडें हिंदुस्थानी. मग दहा वाजेपर्यंत पंडिताबरोबर संस्कृत रामायणाचें भाषांतर केलें. दुपारपर्यंत कॉलेजांत शिकविलें. घरीं येऊन यिर्मयाच्या बंगाली छापील पानांच्या चुका काढल्या, आणि जेवणानंतर मत्तयाचा एक अध्याय संस्कृतांत उतरविला. सायंकाळीं तेलगू पंडिताजवळ तेलगूचा धडा घेतला. साडेसातला इंग्रजींत उपदेश केला, रात्रीं यहेज्केलाचें बंगाली भाषांतर केलें, आणि ग्रीक नव्या करारांतला एक अध्याय वाचून दिवस संपविला. या सर्व दिवसांत एकही घटका चमत्काराची नाहीं. अर्ध्या घटकेचे तुकडेच एकास एक जोडलेले आहेत. जोड्याचे टांके घालणाऱ्या हातास ही विद्या अगोदरच ठाऊक होती.

कॅरींस यांत केवळ कष्टच होते असें नव्हे. एका भाषेंत शिकलेला शब्द दुसऱ्या भाषेंत वेष पालटून भेटला म्हणजे परक्या बाजारांत आपल्या गांवचा मनुष्य भेटावा तसें होतें. संस्कृताची वाट सांपडल्यावर बंगाली, उडिया, मराठी या बहिणींचीं तोंडें एकमेकींसारखीं दिसूं लागलीं, आणि या आनंदानें त्यांचा शीण हलका होई. परंतु सत्य सांगावयाचें तर या विद्येची किंमत घरानेंही दिली. ज्या काळांत हे अध्याय लिहिले जात होते त्या काळांत डॉरथीबाई शेजारच्या खोलींत वेडाच्या भरांत ओरडत असत. त्या सन १८०७ मध्यें वारल्या. इतक्या लोकांची भाषा समजणाऱ्या नवऱ्यास त्या एका दुःखी जिवाची वाचा उमजून तिला शांति देतां आली नाहीं, हें वाचून आपण त्यांस दोष देण्याची घाई करूं नये. पण डॉरथीबाईंस विसरूंही नये.

ता. ११ मार्च १८१२ रोजीं सायंकाळीं सेरामपूरच्या छापखान्यास आग लागली. वॉर्ड साहेबांनीं ती विझविण्याची शिकस्त केली. पण मध्यरात्रीं छप्पर कोसळलें. चौदा भाषांचे ठसे वितळले, विलायतेहून आणलेल्या कागदाचे ढीग जळाले. त्याहून मोठें नुकसान हें कीं, कॅरींनीं अनेक वर्षें खपून लिहिलेला, संस्कृत शब्दांशेजारीं इतर भाषांचे शब्द मांडलेला मोठा कोश, आणि व्याकरणांचे व भाषांतरांचे पुष्कळ हस्तलिखित कागद राख झाले. कॅरी कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशीं मार्शमन यांनीं जाऊन त्यांस ही बातमी सांगितली, तेव्हां कांहीं वेळ त्यांच्यानें बोलवेना. सेरामपुरास आल्यावर राखेंतून ठसे पाडण्याचे पोलादी साचे शाबूत सांपडले, आणि छापण्याचीं यंत्रेंही वांचलीं होतीं. वितळलेलें शिसें गोळा करून पुन्हां अक्षरें ओतण्यास लागलीच आरंभ झाला. आणि कॅरी पुन्हां लिहावयास बसले. एकदां चाललेली वाट दुसऱ्या खेपेस अधिक सोपी व ओळखीची होते, अशी त्यांनीं आपल्या मनाची समजूत घातली. तो मोठा कोश मात्र पुन्हां झाला नाहीं.

आतां त्यांच्या कामांतील उणेंही सांगितलें पाहिजे. त्यांच्या व सोबत्यांच्या देखरेखीखालीं पवित्र शास्त्र किंवा त्याचे भाग तीसांहून अधिक भाषांत निघाले. पण त्या सर्व भाषा त्यांस सारख्या येत होत्या असें नाहीं. पुष्कळ ठिकाणीं पंडितांवरच भिस्त ठेवावी लागे. मराठीचेंच पाहा. त्यांचा मराठी नवा करार नागपूरच्या बाजूच्या भाषेंत होता. मुंबईस सन १८१३ मध्यें आलेले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल व त्यांचे सोबती यांनीं पाहिलें तों कोंकणांत व देशावर तो नीट समजेना. बंगाल्यांतील मजुरांकडून जो धडा कॅरी शिकले होते, तो मराठींत त्यांस घेतां आला नाहीं. कारण त्यांच्याजवळ पंडित होता, पण गांव नव्हता. मुंबईच्या मिशनऱ्यांनीं नवें भाषांतर हातीं घेतलें व सन १८२६ मध्यें त्यांचा नवा करार पुरा झाला. सन १८३१ मध्यें मोल्सवर्थ साहेबांचा मोठा मराठी कोश निघाला, तेव्हां कॅरींचा कोशही मागें पडला. पण पहिली पायवाट वाकडी असली तरी ती कोणी तरी पाडावी लागते, तेव्हांच तिच्यावरून पुढें सडक होते.

सन १८२९ च्या डिसेंबर महिन्यांत त्यांच्या भाषेची मोठी कसोटी झाली. ता. ४ रोजीं गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनीं सतीची चाल बंद करण्याचा कायदा केला. त्याचें बंगालीत भाषांतर करण्यासाठीं तो कागद कॅरींकडे आला तो रविवारच्या सकाळीं, ते उपासनेस निघण्याच्या वेळीं. ही चाल बंद व्हावी म्हणून ते पंचवीस वर्षांहून अधिक खटपट करीत होते. एक दिवस उशीर झाला तर कोठें तरी एखादी विधवा चितेवर चढेल, हें जाणून त्यांनीं उपदेशाचें काम दुसऱ्यास सांगितलें, पंडितास बोलाविलें, व सायंकाळपर्यंत भाषांतर पुरें केलें. लहानपणीं पाठ केलेल्या लॅटिन शब्दांपासून जी वाट निघाली ती या रविवारीं कोठें येऊन पोंचली, हें वाचकांनीं पाहावें.

कॅरी पुन्हां इंग्लंडास कधीं गेले नाहींत. ता. ९ जून १८३४ रोजीं सेरामपूर येथें, त्र्याहत्तराव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.

प्रिय वाचकहो, आपल्यांतील कोणी मुलगा कामासाठीं परप्रांतीं जातो, कोणी मुलगी शाळेंत इंग्रजीपुढें बसून रडकुंडीस येते, कोणी उपदेशक दुसऱ्या बोलीच्या वस्तींत पाठविला जातो. आपणांस बुद्धि नाहीं असें त्यांस वाटतें. त्यांस या जोडे शिवणाऱ्याची गोष्ट सांगावी. रोजची अर्धी घटका, चुकण्याची लाज न धरणें, आणि ज्याची ती मायबोली आहे तो मजूर असला तरी त्यास गुरु मानणें, इतकें भांडवल कोणाही गरिबाच्या घरीं असूं शकतें. आणि परक्याची भाषा शिकत असतां आपल्याच घरांत मुकेपणानें बसलेलें कोणी असेल, तर त्याचें बोलणें ऐकण्यासही दिवसांतली एक घटका राखून ठेवावी.